आजींचा लुक राहिला

(नाव, मालिका, वाहिनी, ओळख पटेल असं सगळं काढून पत्राचा सारांश देत आहे.)

पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय ४२. मूळच्या सांगलीच्या, लग्नानंतर मुंबईत. १७ वर्षं मराठी मालिकांमध्ये काम. आधी नायिकेची बहीण, मग मोठी जाऊ, आता नायकाची आई. चालू मालिकेतला त्यांचा ट्रॅक (त्यांच्या पात्राचं कथानक) दोन महिन्यांत संपतोय. मध्यंतरी एपिसोड डायरेक्टर आजारी पडले, बँक (आधी शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा) शून्यावर आली होती, तेव्हा ईपींनी (कार्यकारी निर्मात्यांनी) विचारलं, ‘ताई, दोन दिवस सेकंड युनिट (शूटिंगची दुसरी तुकडी) सांभाळाल का?’ त्यांनी सांभाळलं. तेव्हापासून दिग्दर्शनाशिवाय काही सुचत नाही, असं त्या लिहितात. घरी मीरा रोडच्या फ्लॅटचे हप्ते आहेत, मुलगी आठवीत आहे. नवऱ्याचं म्हणणं, ‘लोक तुला चेहऱ्याने ओळखतात, कॅमेऱ्यामागे कोण विचारणार?’ एका ओळखीच्या निर्मात्याने प्रस्ताव दिलाय की ३० लाख उभे कर, सिनेमा तूच दिग्दर्शित कर, मुख्य भूमिकाही तूच कर. त्या विचारतात: अभिनय सोडून द्यावा का? काही शिक्षण नसताना, या वयात दिग्दर्शन जमेल का? आणि पैसे घालावेत का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. चार पानांपैकी जवळजवळ तीन पानं मेकअप रूममध्ये बसून काढलेल्या तासांची आहेत. सातचा कॉल, साडेआठला नऊवारी नेसून तयार, आणि पहिला शॉट दुपारी साडेतीनला, तोही दारात उभं राहून नुसतं ‘अगं बाई’ म्हणायचा. संवाद आयत्या वेळी बदलतात, विचारत कुणी नाही. ट्रॅक संपतोय हेसुद्धा शेड्यूल पाठवणाऱ्या मुलाच्या मेसेजवरून कळतं. हे वाचताना मला जराही आश्चर्य वाटलं नाही. मी २३ वर्षं मालिकांच्या सेटवर काढली, पहिली चार असिस्टंट म्हणून, पुढची एपिसोड डायरेक्टर म्हणून. तुम्ही आत बसून ज्या तासांना कंटाळलात, ते मी दाराबाहेरून पाहिलेत, आणि कितीदा तरी माझ्याच चुकीच्या नियोजनामुळे कुणीतरी तसं बसून राहिलंय.

मग तिसऱ्या पानाच्या तळाशी नऊ ओळी येतात. त्या दोन दिवसांच्या. आई घर सोडून गेलीय आणि आठ वर्षांच्या मुलाला स्वयंपाकघरात बसून रडायचंय, असा सीन. मुलगा रडेना. सगळे म्हणाले, ग्लिसरीन घाला. तुम्ही त्याच्याशेजारी फरशीवर बसलात आणि म्हणालात, रडू नकोस. या स्टीलच्या वाट्या पुसायच्या, मोजत मोजत एकात एक ठेवायच्या, आणि मधेच तुझं वाक्य बोलायचं. सातव्या वाटीला त्याचा आवाज आपोआप फुटला. कॅमेरामनदादांनी कॅमेरा थांबवला नाही, आणि तुम्हीही कट म्हटलं नाही.

या नऊ ओळींत तुमचं अक्षरसुद्धा बदललंय. मोठं झालंय, ओळी वर चढल्यात.

म्हणून आधी मीच तुम्हाला विचारते. तुम्हाला मेकअप रूममधून बाहेर पडायचंय, की त्या फरशीवर परत जाऊन बसायचंय? दोन्ही इच्छा खऱ्या आहेत आणि एका माणसात एका वेळी असू शकतात. पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत. पहिलीचं उत्तर कदाचित नाटकात असेल, चांगल्या एजंटमध्ये असेल, सहा महिने सांगलीला जाऊन राहण्यात असेल. दुसरीचं उत्तर दिग्दर्शन. चाळिशीत भूमिका आटत गेल्या म्हणून दिग्दर्शनाकडे वळणारे मी पाहिलेत. त्यांतल्या कुणी फार पुढे गेलं, कुणी वर्षभरात परत ऑडिशनच्या रांगेत आलं. जे परत आले त्यांना हुशारी कमी पडली नव्हती. त्यांना वाटलं होतं की तिकडे गेल्यावर कुणी आपल्याला ताटकळत ठेवणार नाही.

आणि हा समज मला आजच मोडायचाय, कारण तुमच्या पत्रात तो जागोजागी आहे. ‘दिग्दर्शक झाले की निदान माझं मी ठरवेन,’ असं तुम्ही लिहिलंय. डेली सोपच्या दिग्दर्शकाचं दिवसाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. सोमवार ते शनिवार सहा भाग, प्रत्येकी साधारण २२ मिनिटं. म्हणजे युनिटने रोज जवळपास एक भाग पुरा करायचा. बँक संपलेली असली की सकाळी सहाला सीन हातात येतो, कधी अर्धाच. गोष्ट लेखकाची आणि वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमची. कलाकार आधीच ठरलेले. साडीचा रंगसुद्धा मंजूर होऊन आलेला. गुरुवारी टीआरपी येतात आणि शुक्रवारी कळतं की ज्या ट्रॅकचे तुम्ही तीन दिवस जीव ओतून सीन घेतले, तो ट्रॅक बंद. तुमचा सीन एडिटमध्ये कापला जाईल, त्यावर तुम्हाला न आवडणारं संगीत चढेल, प्रोमोसाठी त्यातलं एकच वाक्य उचललं जाईल. आज तुम्ही एका मेसेजने दुखावलात, उद्या दिवसाला तसे चार मेसेज येतील आणि त्यातला एखादा पुढे कलाकाराला तुम्हालाच सांगावा लागेल.

मग हातात उरतं काय? एक खोली, पाच माणसं, पाऊण तास. कोण कुठे उभं राहणार, कोण कुणाकडे कधी बघणार, कॅमेरा कुठे लागणार आणि त्या आठ वर्षांच्या मुलाला काय सांगायचं. एवढंच. ज्याला एवढं पुरतं, त्याला हे काम दिवसाचे बारा तास, वर्षानुवर्षं करता येतं. मला पुरलं. तुम्हाला पुरेल का, याचा अंदाज त्या नऊ ओळींवरून मला आहे, पण खात्री तुम्हीच करून घ्यायची.

आता शिक्षणाचं. ‘मला दिग्दर्शनातलं काही येत नाही’ असं दुसऱ्या पानावर, आणि चौथ्या पानावर जाता जाता, ‘कॉलेजात असताना दोन एकांकिका बसवल्या होत्या, पण ते काही खरं दिग्दर्शन नव्हे.’ ताई, ते नव्हे तर मग खरं कुठलं? सांगलीच्या मुलीने असं म्हणावं! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते तुमच्याच गावात. आपल्याकडचे कितीतरी दिग्दर्शक एकांकिका स्पर्धांच्या तालमींतूनच आलेत. नाटक ‘बसवणं’ हा शब्दच बघा. माणसं कुठे बसतील, वाक्य कुठे बसेल, शांतता कुठे बसेल. ते तुम्हाला येतंय. शिवाय १७ वर्षांत तुम्ही निदान वीस-पंचवीस दिग्दर्शकांच्या हाताखाली काम केलं असेल. कुणाच्या एका शब्दाने सीन उघडला आणि कुणाच्या एका सूचनेने तुमची पुढची तीन वाक्यं मेली, हे तुमच्याइतकं मला माहीत नाही.

पण हे निम्मंच झालं. उरलेलं निम्मं तुम्हाला खरोखर येत नाही, आणि ते येत नसताना ‘अनुभव आहे ना’ म्हणून पुढे जाऊ नका. मी गेले होते, म्हणून सांगते.

माझा पहिला स्वतंत्र एपिसोड. हळदीकुंकवाचा सीन, नऊ बायका, घरातली सून सगळ्यांसमोर सांगते की ती नोकरी सोडणार नाही. मी आदल्या रात्री जागून ब्रेकडाउन, म्हणजे कुठले शॉट घ्यायचे याची यादी, केलं होतं. मास्टर (सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट) घेतला, जी बोलते तिचा क्लोज, जी उत्तर देते तिचा क्लोज, वाणाच्या तबकाचा शॉट, हातावर अत्तर लावताना थांबलेलं बोट. फार खूश होते मी त्या बोटावर. पॅकअप झालं. रात्री अकराला एडिटरचा फोन आला, ‘मॅडम, सगळ्या आजींकडे बघतायत. आजी कुठे बघतायत?’ सीनचं सगळं वजन आजींच्या नजरेवर होतं. त्या एकही वाक्य बोलत नव्हत्या, म्हणून मी त्यांचा लुकच, म्हणजे त्या बघतायत तो शॉटच, घेतला नव्हता. नऊ बायका वळून बघतात आणि तिथे कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी तो दिवाणखाना दुसऱ्या लग्नासाठी सजला होता आणि आजी प्रयोगासाठी नागपूरच्या विमानात बसायच्या बेतात होत्या. त्यांना सकाळी साडेसहाला बोलावलं, मागे पडदा धरला, अंदाजाने नजर दिली, आणि तो एक शॉट घेतला. टीव्हीवर तो भाग मी अजूनही बघू शकत नाही. नजर चार बोटं चुकलीय.

नट असल्यावर हीच चूक होण्याचा धोका जास्त. बोलणारा माणूस महत्त्वाचा वाटतो, कारण आपण आयुष्यभर आपल्या वाक्याची वाट बघत उभे असतो. दिग्दर्शकाला ऐकणारा माणूस बघावा लागतो. लाइन, म्हणजे दोन पात्रांमधली काल्पनिक रेषा, कॅमेऱ्याकडून कधी क्रॉस होते, दारातून आत आलेली बाई पुढच्या शॉटमध्ये डावीकडे तोंड करून का दिसते, कुठला शॉट राहिला तर सीन कापताच येत नाही, हे सेटवर कितीही वर्षं उभं राहून कळत नाही. ते एडिटच्या टेबलावर कळतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका १९८७ साली सुरू झाली. त्यात रायकर हा अधिकारी साकारणाऱ्या जोनाथन फ्रेक्स यांना दिग्दर्शन करावंसं वाटलं. मालिकेतला मुख्य नट मागतोय म्हणून निर्मात्यांनी लगेच एपिसोड हातात दिला नाही. आधी एडिटिंगला बसा, तयारीच्या बैठकांना बसा, दुसरे दिग्दर्शक कसं काम करतात ते बघा, असं म्हणून त्यांना बराच काळ शिकायला लावलं. १९९० साली, तिसऱ्या सीझनमध्ये, त्यांचा पहिला एपिसोड आला. १९९६ साली त्याच पात्रांवरचा सिनेमा त्यांच्याकडे दिला गेला. या सगळ्या काळात रायकरची भूमिका चालूच होती.

अभिनय सोडावा का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यात आलं. हा ‘किंवा’ तुम्ही कुठून आणलात तेच मला कळत नाही. देवेन भोजानी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ दिग्दर्शित करत होते आणि त्यातच दुष्यंत होऊन घरभरची यंत्रं उघडत होते. अमोल पालेकरांनी १९८१ साली ‘आक्रीत’ केला तेव्हा हिंदीतला नायक म्हणून त्यांचं काम जोरात होतं आणि पाठीशी नाटकं बसवण्याची वर्षं होती. पुढे दूरदर्शनसाठी त्यांनी ‘कच्ची धूप’ही केली. प्रसाद ओक यांच्या ‘कच्चा लिंबू’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यानंतर नट म्हणून त्यांचं काम उलट वाढलं.

तुमच्याबाबतीत मला सारख्या आठवतात त्या मृणाल कुलकर्णी. दूरदर्शनच्या ‘स्वामी’मध्ये त्यांनी रमाबाई पेशव्यांचं काम केलं ते अगदी कोवळ्या वयात. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला सिनेमा आला २०१३ साली. आणि २०१४ साली ‘रमा माधव’, म्हणजे पुन्हा त्याच रमाबाई, पण आता कॅमेऱ्यामागून, आणि कॅमेऱ्यासमोर स्वतः गोपिकाबाई होऊन. मधल्या पाव शतकात त्या काम करतच होत्या. ती गोष्ट त्यांच्यात कुठेतरी मुरत राहिली असणार. तुम्ही ४२ व्या वर्षी उशीर झाला म्हणता. मला वाटतं, या वयात तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, तेविसाव्या वर्षी ते नव्हतं.

भूमिका आटल्यावर स्वतःच काहीतरी उभं करायचं, ही इच्छा कमी प्रतीची आहे असंही समजू नका. नीना गुप्तांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘सांस’ लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात मुख्य भूमिकाही केली. मध्यमवयीन बाईचा संसार मोडताना दाखवणारी ती मालिका बाहेरून कुणी त्यांना आणून दिली नसती. पण त्यांच्या हातात लिहिलेली गोष्ट होती. तुमच्या पत्रात गोष्ट कुठली करायची याचा एक शब्दही नाही. त्याचा विचार करा.

आता ३० लाखांचं. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. घालू नका. कर्ज काढून तर मुळीच नको, दागिने मोडून नको, मुलीच्या नावच्या ठेवीला हात लावून नको. तो निर्माता चांगला माणूस असेलही. पण ज्याच्या प्रस्तावात दिग्दर्शकाच्या कामाआधी दिग्दर्शकाचे पैसे येतात, त्याला दिग्दर्शक नकोय, भांडवल हवंय. सिनेमा पुरा झाल्यावर खर्च संपत नाही. थिएटर मिळवणं, जाहिरात, प्रिंट पोचवणं, यात तेवढाच पैसा पुन्हा लागतो, आणि तो नाही म्हणून डब्यात पडून राहिलेले मराठी सिनेमे कितीतरी आहेत. ‘सरकारी अनुदान मिळेल’ असं कुणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा की अनुदान चित्रपट पुरा होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षण झाल्यावर मिळतं, तेही दर्जा पाहून. ते आधीच बजेटात धरून बसायची गोष्ट नाही. शिवाय पहिल्याच कामात दिग्दर्शक, मुख्य नटी आणि पैसे घालणारी तुम्हीच असलात, तर ‘हा सीन जमत नाहीये’ हे तुम्हाला कोण सांगणार?

यजमानांशी बोलताना त्यांच्या वाक्याची चीड बाजूला ठेवा. ते चेहऱ्याबद्दल बोलतायत, पण मला त्यामागे हप्ते ऐकू येतात. आणि हप्त्यांबाबत त्यांची काळजी रास्त आहे. असिस्टंटचा दिवसाचा दर तुमच्या आजच्या दराच्या आसपासही नसतो. आपल्याकडे पैसे बहुतेक ९० दिवसांनी मिळतात, म्हणजे आज काम सुरू केलं तर पहिली रक्कम हातात यायला चौथा महिना उजाडतो. त्यामुळे कागद घेऊन दोघं बसा. वर्षभराचे हप्ते, शाळेची फी, घरखर्च, औषधपाणी. त्यातलं तुमच्या शिल्लकीतून किती निघेल आणि त्यासाठी महिन्याला अभिनयाचे किती दिवस करावे लागतील, हा आकडा काढा. आठ दिवस निघतात की पंधरा, त्यावर शिकायला किती वेळ उरतो ते ठरेल. नवऱ्याला ‘मला दिग्दर्शक व्हायचंय’ असं सांगण्यापेक्षा ‘महिन्याला अकरा दिवस मी शिकायला देणार आहे’ असं सांगा. त्यावर दोघांना बोलता येतं.

शिकायचं कसं, हे तुमच्यासारख्या इतरांसाठीही सविस्तर लिहिते, कारण या वर्षात असं हे पाचवं पत्र आहे आणि त्यातली दोन पुरुषांची आहेत.

सुरुवात एडिटपासून करा. तुमच्या मालिकेचा एडिटर तुम्हाला ओळखतो. त्याला विचारून रात्रीच्या शिफ्टला मागे खुर्ची टाकून बसा. बोलू नका, सूचना देऊ नका, स्वतःचे क्लोज तर मुळीच मागू नका. तो कशावर थांबतो, कशासाठी मागे जातो, कुठल्या शॉटसाठी कपाळाला हात लावतो, तेवढं बघा. पंधरा रात्री बसलात तरी सेटवर परत आल्यावर दिग्दर्शक एखादा शॉट का मागतोय ते तुम्हाला आधीच कळायला लागेल.

मग असिस्टंट म्हणून उभं राहा, पण ज्या मालिकेत तुम्ही काम करताय तिथे नको. तिथे स्पॉटदादा सवयीने तुमच्यासाठी खुर्ची आणतील आणि तुम्ही सवयीने बसाल. दुसऱ्या सेटवर, ओळखीच्या दिग्दर्शकाला सांगून, निदान एक महिना कंटिन्युइटी सांभाळा. पदर कुठल्या खांद्यावर होता, कपात चहा किती होता, मंगळसूत्र आत होतं की बाहेर. पंचवीस वर्षांचा मुलगा तुम्हाला ‘ताई, तुमच्याकडून मिस झालं’ म्हणेल. त्या वेळी आत काय होतं, ते नीट बघा. नुसता राग आला तर ठीक आहे, उतरतो. पण ‘मी कोण आहे हे याला माहीत नाही का’ असं रोज वाटत राहिलं, तर मला वाटतं तुम्ही अभिनयातच चांगल्या वाटा शोधाव्यात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुमचा सध्याचा करार बाहेर काढून वाचा. दुसऱ्या वाहिनीवर दिसायचं नाही अशी अट असतेच, पण पडद्यामागे काम करण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते शब्दशः बघा आणि ईपींकडून लेखी उत्तर घ्या. दिग्दर्शकांची आणि असिस्टंटची संघटना वेगळी असते, कलाकार म्हणून असलेलं कार्ड तिथे चालत नाही. त्याची चौकशी सेटवर उभं राहण्याआधी करा, नंतर नाही.

अभ्यासक्रम हवा असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, आणि तिथले छोटे, थोड्या दिवसांचे वर्गही असतात. मुलगी आठवीत असताना वर्षभर पुण्याला राहणं तुम्हाला जमणार नाही, असं मी धरून चालते. छोटे वर्ग जमतील. घरची जबाबदारी नसलेल्या तरुण वाचकांनी एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा जरूर विचार करावा. मुंबईपासून लांब राहणाऱ्यांना एक सांगते: आता वाई-साताऱ्याकडे, कोल्हापुरात, नाशकात मालिकांची युनिटं जातात. तिथे स्थानिक माणूस असिस्टंट म्हणून लागतो, आणि त्याला जागेची, भाषेची जी माहिती असते ती मुंबईच्या मुलाला नसते.

घरी फोनवर सीन घ्या. दोन पात्रं, एक खोली, तीन मिनिटं. कथा महान असायची गरज नाही. मुलगी सहलीचे पैसे मागते आणि बाबा पेपरमधून डोकं वर काढत नाहीत, एवढं पुरे. स्वतः कापा. पहिल्यांदा कापताना तुमच्याही लक्षात येईल की कुणाचा तरी लुक राहिलाय. मग तोच सीन पुन्हा घ्या. असे पाच-सहा झाले की त्यातला एखादा दहा मिनिटांचा होण्याच्या लायकीचा निघेल, आणि तेव्हा शॉर्टफिल्मचा विचार करा, तोही मित्रमंडळींच्या मदतीने, महिन्याच्या खर्चातून निघेल एवढ्याच पैशात.

आणि नटांना करून दाखवू नका. हे मी सगळ्यांत जोर देऊन सांगते, कारण अभिनेत्री असल्यामुळे तुम्हाला त्याचा मोह रोज होईल. समोरच्या मुलीला वाक्य जमत नाहीये, तुम्हाला ते झोपेतही जमेल, वेळ कमी आहे, डीओपी (मुख्य कॅमेरामन) घड्याळ बघतोय. तुम्ही बोलून दाखवाल, ती नक्कल करेल, शॉट ओके होईल. पण त्या दिवसापासून ती तुमच्याकडे बघून अभिनय करेल, समोरच्या पात्राकडे बघून नाही. तिला काम द्या. भाजी निवडायला द्या, दार उघडायला लावा, घड्याळाकडे बघायला लावा. त्या मुलाला तुम्ही रडून दाखवलं नाहीत, वाट्या दिल्यात. तुम्हाला हे आधीच माहीत आहे, फक्त घाईत विसरू नका.

युनिट मान देईल का, असंही तुम्ही विचारलंय. पहिले काही दिवस ‘ताई आज डायरेक्टर झाल्या’ असं हसत बोलतील. लाइटदादा तुमचं ऐकण्याआधी डीओपींकडे बघतील. त्यावर आवाज चढवू नका. आदल्या रात्री ब्रेकडाउन लिहून आणा, सकाळी पहिल्या दहा मिनिटांत डीओपी आणि पहिल्या असिस्टंटला दिवसाचा क्रम सांगा, आणि कुठल्या कलाकाराला किती वाजता सोडणार ते सांगून तसं सोडा. साडेतीनला शॉट असेल तर त्यांना सातचा कॉल देऊ नका. पंधरा दिवस एवढं पाळलंत की बाकीचं मला तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आता लगेच करायचं एक काम. तुमचा वाट्यांचा सीन प्रक्षेपित झाला का, कसा कापला गेला, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. मला शंका आहे की तुम्ही तो भीतीने पाहिलाच नाही. सोमवारी एडिटरला फोन करा, आणि शक्य असेल तर त्या सीनचं सगळं शूट, न वापरलेलं धरून, त्याच्या शेजारी बसून बघा. सातव्या वाटीपर्यंत त्याने शॉट तोडला नाही, की मधे दुसऱ्या कुणाचा चेहरा घातला? घातला असेल तर का? तो मुलगा ज्याच्याकडे बघून थांबतो, त्याचा लुक तुम्ही घेतला होतात का? हे त्याला विचारा, त्याचं उत्तर वहीत उतरवून ठेवा, आणि पुढच्या पत्रात मला तेवढंच लिहून पाठवा.